समुद्रतळाच्या कवचांवरून जुनं तापमान मोजतात, पण त्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा?

अमेरिका आणि युरोपातल्या तेरा प्रयोगशाळांना सारख्याच प्रकारची कवचं मोजायला देण्यात आली. समुद्राच्या तळावरून काढलेली, बारीक वाळूच्या कणाएवढी. काम एकच होतं. या कवचांत कॅल्शियमच्या तुलनेत मॅग्नेशियम किती आहे ते मोजून सांगायचं. नमुन्यांबद्दल खास अशी माहिती कुणालाच दिली नव्हती. प्रत्येकाने आपल्या नेहमीच्या पद्धतीने कवचं धुवायची, विरघळवायची आणि आकडा कळवायचा.

यंत्रं सगळ्यांचीच उत्तम होती. आधीच तयार केलेलं द्रावण मोजायला दिलं तेव्हा उत्तरं बऱ्यापैकी जुळली. खरी कवचं हातात आली आणि गणित बिघडलं. या आकड्यांवरून समुद्राचं तापमान काढलं, तर एका प्रयोगशाळेच्या आणि दुसरीच्या उत्तरात २ ते ३ अंश सेल्सिअसचा फरक पडू शकतो, असा निष्कर्ष निघाला. यायर रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

दोन-तीन अंश ऐकायला फार वाटत नाहीत. पण शेवटच्या हिमयुगात उष्ण कटिबंधातला समुद्र आजच्यापेक्षा साधारण तेवढाच थंड होता, असं याच कवचांवरून सांगितलं जातं. गव्हाइतकेच खडे निघाले तर दळायचं काय, असा हा प्रश्न आहे.

ही कवचं नेमकी कुणाची?

फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव समुद्रात सगळीकडे आढळतात. संशोधक त्यांना लाडाने 'फोराम' म्हणतात. काही जाती पाण्याच्या वरच्या थरात तरंगत जगतात, तर बऱ्याच तळाच्या गाळात राहतात. पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन ते स्वतःभोवती कॅल्साइटचं, म्हणजे चुनखडीचंच, कवच बांधतात. बहुतेकांचा आकार एक मिलिमीटरपेक्षा कमी असतो. काही जुन्या जाती मात्र चांगल्या नाण्याएवढ्या होत्या. गिझाच्या पिरॅमिडच्या चुनखडीत अशा मोठ्या फोरामची चकतीसारखी कवचं आजही दिसतात.

तरंगणाऱ्या फोरामचं आयुष्य काही आठवड्यांचं असतं. जीव मेला की कवच खाली जातं आणि गाळात पुरलं जातं. खोल समुद्रात हजार वर्षांत जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर गाळ साचतो. त्यामुळे जहाजावरून नळी तळात घुसवून काही मीटर लांबीचा गाळाचा दंडगोल वर काढला, की लाखो वर्षांची वही हाती येते. या दंडगोलाला कोअर म्हणतात. गोव्यात दोनापावला इथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत हिंदी महासागरातल्या अशा कोअरमधल्या फोरामवर अनेक वर्षं काम चालू आहे.

आधी आला ऑक्सिजन

कवचावरून तापमान काढता येईल हे हॅरॉल्ड युरी यांच्या हिशोबातून पुढे आलं. जड हायड्रोजनच्या शोधासाठी त्यांना १९३४ चं नोबेल पारितोषिक मिळालं होतं. निसर्गात ऑक्सिजनचे बहुतेक अणू १६ वस्तुमानाचे असतात आणि दर हजारांत साधारण दोन अणू १८ वस्तुमानाचे, म्हणजे जड असतात. पाणी जितकं थंड, तितका जड ऑक्सिजन कवचात किंचित जास्त शिरतो, हे युरी यांनी १९४७ मध्ये गणिताने दाखवलं.

हे 'किंचित' किती, ते पाहायला हवं. तापमान एका अंशाने बदललं तर जड ऑक्सिजनचं प्रमाण दर हजारी सुमारे ०.२२ ने बदलतं. म्हणजे शंभर कोटी ऑक्सिजन अणू घेतले तर त्यांत जड अणू वीस लाखांच्या आसपास असतील आणि एका अंशाचा फरक त्यांतल्या जेमतेम साडेचारशे अणूंचा. पाव अंश ओळखायचा असेल तर वीस लाखांतले शंभर-सव्वाशे इकडचे तिकडे झालेले कळले पाहिजेत.

त्या काळच्या यंत्रांना हे झेपणारं नव्हतं. शिकागोमध्ये युरींच्या गटाने यंत्र सुधारलं, आणि त्यातली खरी युक्ती जुन्या तराजूसारखी होती. काटा थोडा चुकीचा असला तरी सोनं आणि माहितीचं वजन एकामागोमाग एक त्याच पारड्यात टाकून पाहिलं, तर काट्याचा दोष दोन्हींना सारखाच लागतो आणि वजाबाकीत उडून जातो. कवच फॉस्फोरिक आम्लात विरघळवून निघालेला कार्बन डायऑक्साइड आणि प्रमाण म्हणून ठरवलेला कार्बन डायऑक्साइड आलटून पालटून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडायचा. दोन्हींतला फरक तेवढा नोंदवायचा.

प्रमाण म्हणून सुरुवातीला अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यातलं, बेलेम्नाइट नावाच्या माकूळसदृश प्राण्याचं जीवाश्म वापरलं. ते जीवाश्म मोजून मोजून संपलं. मग दुसऱ्या एका कार्बोनेट पदार्थाला ठरावीक आकडा देऊन जुनी मोजपट्टी पुढे चालू ठेवण्यात आली. आज जगभर फोरामचे आकडे ज्या मूळ वस्तूच्या तुलनेत दिले जातात ती वस्तू प्रत्यक्षात उरलेलीच नाही.

आजची यंत्रं दर हजारी ०.०५ ते ०.१ इतक्या फरकात तोच आकडा पुन्हा देतात. तापमानात सांगायचं तर पाव ते अर्धा अंश. वाळूच्या कणाएवढ्या वस्तूसाठी हे थक्क करणारं आहे.

पण नेमकं मोजणं आणि खरं मोजणं यांत अंतर असतं. चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये कॅरिबियन आणि अटलांटिकच्या कोअरमधली फोराम मोजली आणि हिमयुगात तिथलं पाणी सुमारे ६ अंशांनी थंड होतं असं म्हटलं. मोजमाप चांगलं होतं. गडबड अर्थ लावण्यात होती. हिमयुगात जमिनीवर प्रचंड बर्फ साठतो आणि त्या बर्फात हलका ऑक्सिजन जास्त जातो. समुद्राची पातळी तेव्हा आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मागे उरलेलं समुद्राचं पाणीच जड ऑक्सिजनने समृद्ध झालं होतं. कवचाने थंडी आणि बर्फ दोन्ही एकाच आकड्यात लिहून ठेवले होते. केंब्रिजचे निकोलस शॅकल्टन यांनी १९६७ मध्ये दाखवून दिलं की एमिलियानींना दिसलेल्या बदलाचा मोठा हिस्सा बर्फाचा आहे. एका आकड्यातून दोन अज्ञात सुटत नाहीत. दुसरा, स्वतंत्र थर्मामीटर हवा होता.

मॅग्नेशियमचा थर्मामीटर

कॅल्साइट तयार होताना कॅल्शियमच्या जागी अधूनमधून मॅग्नेशियमचा अणू बसतो. पाणी जितकं उबदार, तितके हे घुसखोर जास्त. सोयीची गोष्ट अशी की मॅग्नेशियम समुद्रात एक कोटीहून अधिक वर्षं आणि कॅल्शियम सुमारे दहा लाख वर्षं टिकतं. त्यामुळे हिमयुगांच्या काळात पाण्यातलं या दोन मूलद्रव्यांचं गुणोत्तर फारसं हललेलं नाही. बर्फ वाढो की वितळो, हा थर्मामीटर त्याकडे बघत नाही.

पल्लवी आनंद, हॅरी एल्डरफील्ड आणि मॉरीन कॉन्टे यांनी बर्म्युडाजवळच्या सार्गासो समुद्रात पाण्यात टांगलेल्या सापळ्यांत पडणारी ताजी कवचं मोजली. कवच कोणत्या दिवसांत खाली आलं आणि तेव्हा पाणी किती गरम होतं हे माहीत असल्याने नातं थेट बांधता आलं. २००३ मधल्या त्यांच्या सूत्रानुसार एका अंशामागे मॅग्नेशियम साधारण ९ टक्क्यांनी वाढतं. २७ अंशांच्या पाण्यात दहा हजार कॅल्शियम अणूंमागे सुमारे ४३ मॅग्नेशियम, २८ अंशांच्या पाण्यात ४७. चार अणूंचा फरक म्हणजे एक अंश. ऑक्सिजनच्या तुलनेत ही चैनच म्हणायची.

मोजण्यासाठी कवचं सौम्य नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि द्रावणाचा बारीक फवारा आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात सोडतात. हा प्लाझ्मा सहा ते दहा हजार केल्विन इतका तापलेला असतो, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही जास्त. त्यात प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगाचा प्रकाश देतं आणि प्रकाशाच्या तीव्रतेवरून प्रमाण काढतात. इथेही एक खाच आहे. द्रावणात कॅल्शियम जास्त असेल तर मॅग्नेशियमचं वाचनही सरकतं. म्हणून प्रत्येक नमुना आधी एकाच कॅल्शियम पातळीपर्यंत पातळ करून घेतात आणि दर काही नमुन्यांनंतर माहितीचं द्रावण घालून यंत्र भरकटलं नाही ना ते तपासतात.

खरं काम धुण्यात

तळाच्या गाळातून आलेलं कवच म्हणजे चिखलात लोळलेली वस्तू. आणि चिकणमातीत मॅग्नेशियम भरपूर असतं. कवचाच्या पोकळीत मातीचा अंश राहिला तर यंत्र ते मॅग्नेशियमही इमानदारीने मोजतं आणि समुद्र कागदावर गरम होतो.

म्हणून आधी गाळ चाळतात, एका ठरावीक आकाराची कवचं घेतात (२५० ते ३५५ मायक्रोमीटर हा नेहमीचा टप्पा) आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या बारीक ब्रशच्या टोकाने एकेक कवच उचलतात. जात एकच हवी. ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर ही पृष्ठभागाजवळ राहणारी जात त्यासाठी लोकप्रिय आहे. तिच्यातही पांढऱ्या कवचांचे दोन आकारप्रकार आहेत आणि ते सारख्याच खोलीवर राहत नाहीत, त्यामुळे तेही वेगळे काढावे लागतात. (तिचा गुलाबी प्रकार अटलांटिकमध्ये अजून आहे. हिंदी आणि प्रशांत महासागरातून तो सुमारे १,२०,००० वर्षांपूर्वी नाहीसा झाला. कोअरमध्ये गुलाबी कवचं दिसू लागली की वय लगेच कळतं.) अशा एका कवचाचं वजन दहा मायक्रोग्रॅमच्या आसपास भरतं. एक ग्रॅम जमवायला लाखभर कवचं लागतील. प्रत्यक्षात एका मोजमापासाठी वीस ते साठ कवचं वेचतात, आणि नजर व मान दोन्ही दुखेपर्यंत हे काम चालतं.

मग कवचं दोन काचपट्ट्यांमध्ये हलकेच दाबून फोडतात, कारण माती आतल्या कप्प्यांत अडकलेली असते. शुद्ध पाण्यात आणि मिथेनॉलमध्ये टाकून अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी ती सैल करतात आणि गढूळ पाणी ओढून टाकतात. हे पुन्हा पुन्हा करतात. नंतर गरम अल्कधर्मी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये जैविक अंश जाळतात. शेवटी अगदी सौम्य आम्लाची धावती आंघोळ.

वाद होता तो यातल्या एका जादा पायरीवर. समुद्रतळावर कवचांवर मँगनीज आणि लोहाचा पातळ थर चढतो. तो काढायला काही प्रयोगशाळा हायड्रेझीन असलेलं द्रावण वापरतात. एडवर्ड बॉइल आणि लॉइड किग्विन यांनी १९८० च्या दशकात कॅडमियम मोजण्यासाठी ही धुलाई रूढ केली. कॅडमियमसाठी ती आवश्यकच होती. मॅग्नेशियमच्या बाबतीत तिची किंमत मोजावी लागते, कारण हे द्रावण थराबरोबर कवचही थोडं खातं. आणि कवचाचे मॅग्नेशियम जास्त असलेले भाग आधी विरघळतात. म्हणजे ही पायरी घेणाऱ्याचा समुद्र थोडा थंड निघतो, न घेणाऱ्याचा थोडा गरम. दोघांनीही काम चोख केलेलं असतं.

धुणं जमलं की नाही हे कळायला एक साधा उपाय आहे. मॅग्नेशियमबरोबर ॲल्युमिनियम, लोह आणि मँगनीजही मोजायचं. शुद्ध कॅल्साइटमध्ये ॲल्युमिनियम जवळजवळ नसतंच. ते दिसलं म्हणजे माती राहिली, आणि तो नमुना बाद.

८ टक्के म्हणजे किती अंश?

आता त्या तेरा प्रयोगशाळांकडे. तयार द्रावण मोजताना प्रत्येक प्रयोगशाळेच्या स्वतःच्या आकड्यांचा फैलाव अर्ध्या टक्क्याहून कमी होता, म्हणजे तापमानात साधारण ०.२ अंश. वेगवेगळ्या प्रयोगशाळांमध्ये तुलना केली तर १.५ टक्के, म्हणजे ०.५ अंश. खऱ्या कवचांवर मात्र प्रयोगशाळांमधला फैलाव सुमारे ८ टक्के आणि तापमानात २ ते ३ अंश.

इथे कुणी बोटं मोजेल. एका अंशाला ९ टक्के, तर ८ टक्के म्हणजे एक अंशही होत नाही. मग दोन-तीन अंश आले कुठून? उत्तर संख्याशास्त्रात आहे. ८ टक्के हा आकड्यांचा नेहमीचा विखुरलेपणा आहे. प्रश्न वेगळा विचारला, की कुठल्याही दोन प्रयोगशाळांनी तोच नमुना मोजला तर शंभरातल्या ९५ वेळा त्यांच्यातला फरक जास्तीत जास्त किती असेल, तर त्या विखुरलेपणाला साधारण २.८ ने गुणावं लागतं. ८ गुणिले २.८ म्हणजे २२ टक्क्यांहून थोडं जास्त, आणि त्याला ९ ने भागलं की अडीच अंश. बातम्यांमध्ये '±' चिन्हापुढे आलेला आकडा यांपैकी कोणता, हे क्वचितच सांगितलेलं असतं. दोन्ही बरोबर असू शकतात आणि दोघांत जवळपास तिपटीचा फरक असतो.

या अडीच अंशांचे दोन वेगळे हिस्से होते. एक, त्याच प्रयोगशाळेने त्याच नमुन्यातली दुसरी मूठभर कवचं घेतली तरी आकडा १ ते २ अंशांनी हलत होता. दोन, धुण्याच्या पद्धतीमुळे सुमारे १ अंशाचा ठाम कल येत होता. पहिला दोष जास्त मोजमापं करून कमी होतो. दुसरा कितीही वेळा मोजलं तरी जात नाही. भाजीवाल्याचा काटा पन्नास ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर दहा वेळा वजन करून सरासरी काढल्याने पन्नास ग्रॅम परत मिळत नाहीत.

सगळ्यांसाठी एकच दगड

काटा तपासायचा तर सगळ्यांकडे एकच प्रमाणित वजन हवं. ऑक्सिजनसाठी ते पन्नासच्या दशकापासून होतं, मॅग्नेशियमसाठी नव्हतं. प्रत्येक जण आपलं प्रमाण द्रावण स्वतः बनवत होता.

मर्व्हिन ग्रीव्ह्ज आणि केंब्रिजमधल्या गटाने बाजारात मिळणाऱ्या, रासायनिक तपासणीसाठीच विकल्या जाणाऱ्या चुनखडीच्या भुकटीकडे लक्ष वळवलं. ईसीआरएम ७५२-१ या क्रमांकाच्या भुकटीत दहा हजार कॅल्शियमामागे साधारण ३७-३८ मॅग्नेशियम आहे. म्हणजे उबदार समुद्रातल्या फोरामच्याच पट्ट्यात. अडचण एवढीच की तीही खडकाचीच भुकटी, त्यामुळे तिच्यात सिलिकेटचे कण आहेत. विरघळवल्यावर ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खाली बसवले नाहीत, तर आम्लात पडून राहून त्यांतलं मॅग्नेशियम झिरपत राहतं आणि प्रमाणच बिघडतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या तुलनेत २५ प्रयोगशाळांनी अशा तीन प्रमाण पदार्थांची मोजणी केली, आणि यावेळी विरघळवण्याची पद्धतही सगळ्यांना लिहून दिलेली होती. या भुकटीचं मोजमाप नमुन्यांबरोबर करून ते शोधनिबंधात छापण्याची पद्धत नंतर रुळली.

कवच स्वतः किती विश्वासू?

इथपर्यंत दोष माणसांचे आणि यंत्रांचे होते. पण कवचही एकसंध नाही. ऑर्बुलिना युनिव्हर्सा या जातीचं कवच लेझरने थर थर जाळत मोजलं तर मॅग्नेशियम जास्त आणि कमी असे पट्टे आलटून पालटून दिसतात. दिवस आणि रात्र असा तो क्रम आहे आणि जास्त मॅग्नेशियमचा पट्टा रात्रीचा. समुद्राचं तापमान रात्रीतून एवढं बदलत नाही. म्हणजे मॅग्नेशियम किती शिरेल हे काही अंशी त्या जीवाच्या स्वतःच्या दिनक्रमावर ठरतं. एका कवचाची सरासरी तापमानाशी जुळते, त्याचा एकेक थर जुळत नाही.

शिवाय एका सेंटीमीटर गाळात काही शतकांची कवचं एकत्र असतात. कुणी मार्चमध्ये जगलं, कुणी ऑगस्टमध्ये. तळावरचे किडे गाळ उकरून हे सगळं आणखी कालवतात. म्हणूनच मूठभर कवचं एकत्र मोजतात. समजा, एकेक कवच सरासरीपासून दीड अंश इकडे-तिकडे असेल, तर चार कवचांच्या सरासरीतली अनिश्चितता पाऊण अंश होते आणि छत्तीस कवचांच्या सरासरीतली पाव अंश. अनिश्चितता अर्धी करायला चौपट कवचं लागतात, आणि प्रत्येक कवच कुणीतरी ब्रशने उचललेलं असतं.

तापमानाशिवाय आणखीही गोष्टी मॅग्नेशियम हलवतात. पाण्याची क्षारता एका एककाने वाढली तर ते ३ ते ५ टक्क्यांनी वाढतं. पाणी थोडं आम्लधर्मी झालं तरी वाढतं. खोल समुद्रात, जिथे कॅल्साइट विरघळू लागतं, तिथे उलट होतं. मॅग्नेशियम-समृद्ध भाग आधी जातात आणि जुना समुद्र होता त्याहून थंड वाटू लागतो. या दुरुस्त्या आता सूत्रांमध्ये घातल्या जातात, पण प्रत्येक दुरुस्तीबरोबर तिची स्वतःची अनिश्चितताही येते.

एवढं करून हाती काय लागतं?

हिमयुगात उष्ण कटिबंध किती थंड झाला, हा वाद जुना होता. १९७० च्या दशकात क्लायमॅप प्रकल्पाने फोरामच्या जातींच्या प्रमाणावरून सांगितलं की तिथे फार फरक पडला नाही. बार्बाडोसच्या प्रवाळांवरून १९९४ मध्ये आकडा आला सुमारे ५ अंश. हवेतला कार्बन डायऑक्साइड बदलला की पृथ्वी किती तापते किंवा थंड होते, हे पडताळण्यासाठी याच आकड्याकडे पाहिलं जातं. त्यामुळे शून्य आणि पाच यांतला फरक सोडून देण्यासारखा नव्हता.

२००० मध्ये डेव्हिड ली, डोरोथी पाक आणि हॉवर्ड स्पेरो यांनी विषुववृत्ताजवळच्या प्रशांत महासागरातल्या फोरामच्या मॅग्नेशियमवरून उत्तर दिलं: २.८ अंश, अनिश्चितता ०.७ अंश. त्याच कवचांत मॅग्नेशियम आणि ऑक्सिजन दोन्ही मोजल्याने आणखी एक गोष्ट दिसली. तिथलं पाणी तापायला आधी लागलं आणि जमिनीवरचा बर्फ सुमारे तीन हजार वर्षांनी घटू लागला. दोन्ही नोंदी एकाच कवचात असल्याने वयमापनातल्या चुकीमुळे हा क्रम उलटत नाही.

हिंदी महासागरासाठी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले राजीव सारस्वत, राजीव निगम आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये विषुववृत्ताजवळच्या कोअरवरून आकडा दिला. हिमयुगाच्या ऐन काळात पाणी आजच्यापेक्षा सुमारे २.१ अंश थंड. मग प्रयोगशाळांमधला अडीच अंशांचा फरक पाहता हे २.१ अंश टिकतात का?

टिकतात, कारण ते वजाबाकीतून आलेले आहेत. हिमयुगातली कवचं आणि आजची कवचं एकाच कोअरची, एकाच पद्धतीने धुतलेली आणि मोजलेली असली, की धुण्याचा एक अंशाचा कल दोन्हींना लागतो आणि तो वजा होतो. तेच जुन्या तराजूचं तत्त्व. उरतो तो नमुन्यागणिक होणारा हेलकावा, आणि तो शेजारच्या थरांतली अनेक मोजमापं एकत्र पाहून आटोक्यात येतो. याउलट एका प्रयोगशाळेचा हिमयुगाचा आकडा घेऊन दुसरीचा आजचा आकडा त्यातून वजा केला, किंवा दोन वेगळ्या समुद्रांची तापमानं वेगळ्या पद्धतींनी काढून त्यांतला एक अंशाचा फरक सांगितला, तर पायाखालची जमीन भुसभुशीत असते.

मान्सूनचा हिशोब यापेक्षा नाजूक आहे. मॅग्नेशियमवरून तापमान काढायचं, ऑक्सिजनच्या आकड्यातून तापमानाचा वाटा वजा करायचा, बर्फाचा वाटाही वजा करायचा. जे उरतं ते पाण्याच्या क्षारतेबद्दल सांगतं. नद्यांचं आणि पावसाचं गोडं पाणी किती मिसळलं याचा तो माग आहे. बंगालच्या उपसागरासारख्या ठिकाणी यावरून जुने पावसाळे वाचतात. पण तापमान एका अंशाने चुकलं तर ऑक्सिजनच्या हिशोबात दर हजारी ०.२२ ची चूक शिरते आणि क्षारतेत ती साधारण एका एककाएवढी होते. शोधायचा असलेला मान्सूनचा बदलही बऱ्याचदा तेवढाच असतो. म्हणून अशा अभ्यासांत पाऊस इतका वाढला किंवा इतका घटला असं न म्हणता, कोणत्या सहस्रकात तो वाढू लागला आणि कधी ओसरला यावर जास्त भर दिलेला दिसतो.

२००४ च्या आधीच्या नोंदींचं काय करायचं हा भाग राहतो. ज्यांच्यासोबत धुण्याची पद्धत लिहिलेली आहे त्यांचा कल ओळखून त्या नव्या आकड्यांशेजारी मांडता येतात. ज्यांच्यासोबत ती लिहिलेली नाही, त्यांचा उपयोग एकाच कोअरमधले चढउतार पाहण्यापुरता होतो. मोठ्या संस्थांमध्ये कोअर उभा चिरून त्याचा अर्धा भाग थंड खोलीत जपून ठेवतात, तो याच कामासाठी. फार महत्त्वाचा आकडा असेल तर तो थर पुन्हा उघडायचा, गाळ चाळायचा आणि ब्रश घेऊन पुन्हा कवचं वेचायला बसायचं.